‘गेला’ आणि ‘वेंट्’ : इंग्रजींतील साधा भूतकाळ



इंग्रजी व्याकरणांतील अत्यंत सोपा भाग कोणता असें विचारलें असतां बहुतेक लोक साध्या भूतकाळाकडे बोट दाखवितील. धातूला ‘एड्’ जोडावें, ज्यांना तो जोडतां येत नाहीं त्यांचीं रूपें पाठ करावीं, कीं काम झालें, अशी समजूत शाळेपासून आपल्या मनांत बसलेली असते. रूपांपुरतें हें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु रूप येणें निराळें आणि तें कोठें योजावें हें कळणें निराळें. सुशिक्षित मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनांत शब्दांचें दारिद्र्य क्वचितच आढळतें. अडखळणें आढळतें तें बहुधा काळांच्या ठिकाणीं, आणि त्यांतही विशेषेंकरून या सोप्या म्हणविल्या जाणाऱ्या काळाच्या ठिकाणीं.

हें अडखळणें नेहमींच निरुपद्रवी असतें असें नाहीं. समजा, एका गृहस्थानें नोकरीच्या अर्जांत लिहिलें, ‘आय् वर्क्ट् इन् अ बँक् फॉर् टेन् यिअर्स्.’ त्याच्या मनांतला अर्थ असा कीं, मीं बँकेंत दहा वर्षें काम केलें, आणि आजही करीत आहें. परंतु वाचणारा इंग्रजीचा जाणता असेल, तर त्याला या वाक्यांतून दिसेल तें इतकेंच कीं, या मनुष्याची ती नोकरी संपली आहे. मग तो मनांत म्हणेल, कां संपली बरें? सोडली कीं सुटली? ‘आय् हॅव् वर्क्ट्’ असें लिहिलें असतें तर ही शंका सहसा निघाली नसती. एका ‘हॅव्’च्या अभावीं नोकरींत असलेला मनुष्य वाचणाऱ्याच्या दृष्टीनें बेकार ठरला. अर्ज, दाखले, साक्षी, करारपत्रें, आजाऱ्याची हकीकत, या सर्व ठिकाणीं काळाची चूक ही अर्थाची चूक असते. म्हणून या विषयाचा विचार नुसता परीक्षेपुरता करून चालत नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ आपल्या आळसांत नाहीं. तें आपल्या मातृभाषेच्या स्वभावांत आहे. मराठींत आपण ज्याला भूतकाळाचा प्रत्यय म्हणतों, त्या ‘ला, ली, लें’चें काम जरा लक्षपूर्वक पाहूं. आई स्वयंपाकघरांतून हांक मारते, आणि मुलगा हातांतलें पुस्तक खालीं न ठेवतां उत्तर देतो, ‘आलों!’ तो आलेला नसतो, यावयाचा असतो. ‘मला भूक लागली’ असें आपण म्हणतों, तें भूक लागून निघून गेल्यावर नव्हे, तर ती पोटांत असतांनाच. ‘दमलों बुवा’ म्हणणारा त्या क्षणीं दमलेलाच असतो. ‘पाऊस आला, छत्री घे’ या वाक्यांतील पाऊस कित्येकदां अजून ढगांतच असतो. आणि ‘उद्यां पाऊस पडला तर सहल रहित’ या वाक्यांत तर भूतकाळाचें रूप उघड उघड उद्यांविषयीं बोलत आहे.

यावरून काय दिसतें? हा प्रत्यय मुख्यतः घड्याळांतली वेळ दाखवीत नाहीं. क्रिया पुरी झाली, किंवा पुरी झाल्यासारखीच आहे, हें तो दाखवितो. याचें कारण त्याच्या कुळांत सांपडतें. संस्कृतांतील ‘गत’, ‘कृत’ यांसारखीं धातुसाधितें प्राकृतांतून खालीं येतां येतां, ‘इल्ल’ हा प्रत्यय अंगाला लावून घेऊन, ‘गेला’, ‘केला’ अशीं झालीं. तीं मूळचीं विशेषणें होत. म्हणूनच तीं विशेषणांप्रमाणें लिंग व वचन बदलतात. आणि म्हणूनच ‘मीं आंबा खाल्ला, मीं पोळी खाल्ली, मीं केळें खाल्लें’ असें आपलें क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागें जातें. विशेषण वस्तूची स्थिति सांगतें. ती स्थिति कोणत्या दिवशीं प्राप्त झाली याची चौकशी करणें हें त्याचें काम नव्हे.

इंग्रजीची रीति निराळी आहे. मराठी प्रथम विचारते, ‘काम झालें का?’ इंग्रजी प्रथम विचारते, ‘तें केव्हांचें?’ घडलेली गोष्ट ज्या कालखंडांत घडली तो खंड आतां बंद झाला असेल, त्याच्या आणि आजच्या मध्यें दार लागलें असेल, तर साधा भूतकाळ; तें दार अजून उघडें असेल, तर पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे ‘हॅव्’ किंवा ‘हॅज्’ घातलेलें रूप. माझ्या आजच्या सांगण्याचें सार एका सूत्रांत सांगतां येईल: क्रिया संपली का हें विचारूं नका; वेळ संपली का हें विचारा.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. तुम्हीं सकाळीं तीन पत्रें लिहिलीं. दहा वाजतां कोणी विचारलें, तर तुम्ही म्हणाल, ‘आय् हॅव् रिटन् थ्री लेटर्स् धिस् मॉर्निंग्.’ सायंकाळीं पांच वाजतां त्याच तीन पत्रांविषयीं तुम्ही म्हणाल, ‘आय् रोट् थ्री लेटर्स् धिस् मॉर्निंग्.’ पत्रें तींच, तीं लिहून झालीं होतीं तीं दोन्ही वेळां सारखींच. ‘आज सकाळीं’ हे शब्दही तेच. बदललें तें इतकेंच कीं दहा वाजतां सकाळ चालू होती आणि पांच वाजतां ती संपली होती. मराठींत दोन्ही वेळां ‘मीं तीन पत्रें लिहिलीं’ असें म्हणून आपण मोकळे होतों, आणि त्यांत मराठीच्या दृष्टीनें कांहींच उणें नाहीं. परंतु इंग्रजीला ती सकाळ गेली कीं आहे हें कळल्यावांचून क्रियापदाचें रूपच ठरवितां येत नाहीं.

हें सूत्र हातीं आलें म्हणजे पाठ्यपुस्तकांतील याद्या आपोआप सुटतात. ‘येस्टर्डे’, ‘लास्ट् यिअर्’, ‘इन् नाइन्टीन् फॉर्टी-सेव्हन्’, ‘टू डेज् अगो’ हे सर्व शब्द बंद झालेल्या वेळेचे आहेत. त्यांच्या सोबतीस साधा भूतकाळच हवा. ‘आय् हॅव् सीन् हिम् येस्टर्डे’ हें वाक्य आपल्याकडे फार ऐकूं येतें. त्यांत ‘हॅव्’ दार उघडें ठेवतो आणि ‘येस्टर्डे’ तें लावून घेतो. एकाच वाक्यांत दोघांचें जमत नाहीं. ‘आय् सॉ हिम् येस्टर्डे’ हेंच शुद्ध. उलटपक्षीं ‘सिन्स्’, म्हणजे अमुक वेळेपासून आजपर्यंत, आणि ‘सो फार्’, म्हणजे आतांपर्यंत, हे शब्द आजला येऊन भिडतात. त्यांना ‘हॅव्’ मानवतो. ‘केव्हां’ या अर्थाचा ‘व्हेन्’ घालून प्रश्न केला, तर त्याचें उत्तर एखादी ठराविक वेळ असणार; म्हणून ‘व्हेन् हॅव् यू कम्?’ असें न म्हणतां ‘व्हेन् डिड् यू कम्?’ असें म्हणावें.

कधीं कधीं वेळेचा शब्द उच्चारलेला नसतो, तरी ती मनांत ठरलेली असते. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ शोधून काढला. सालाचा उल्लेख न करतांही इंग्रजींत ‘एडिसन् इन्व्हेंटिड् दि फोनोग्राफ्’ असेंच म्हणतील, कारण तो शोध इतिहासांतल्या एका ठिकाणीं जाऊन बसलेला आहे. वर्तमानपत्रांतही हा भेद रोज पाहावयास मिळतो. बातमीच्या आरंभीं पुष्कळदां ‘हॅज्’ असतो: अमक्या मंत्र्यानें राजीनामा दिला आहे, ‘दि मिनिस्टर् हॅज् रिझाइन्ड्.’ ही ताजी गोष्ट. तिचा परिणाम आज चालू आहे. परंतु पुढच्याच वाक्यापासून, तो कोणाला भेटला, कोणत्या वेळीं भेटला, काय म्हणाला, हें सांगावयास लागतांच बातमीदार साध्या भूतकाळावर येतो आणि शेवटपर्यंत बहुधा त्यावरच राहतो. कारण पहिल्या वाक्यानें वेळ ठरवून दिली. आतां गोष्ट सांगावयाची. गोष्ट सांगण्याचा काळ म्हणजे साधा भूतकाळ. इंग्रजी कथा, कादंबऱ्या, चरित्रें व इतिहास हे मुख्यतः याच काळांत लिहिले जातात, तें याच कारणानें.

हा भेद कित्येकदां मनुष्याच्या जीवनमरणापर्यंत जातो. एखाद्या ग्रंथकाराविषयीं ‘ही हॅज् रिटन् टेन् बुक्स्’ असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा समजतो कीं ग्रंथकार हयात आहे आणि अकरावें पुस्तकही कदाचित् येईल. ‘ही रोट् टेन् बुक्स्’ म्हटलें, तर हिशेब पुरा झाला. बहुधा तो गृहस्थ वारला असावा. आपल्या वडिलांविषयीं परदेशीं पत्र लिहितांना ‘माय् फादर् लिव्ह्ड् विथ् मी फॉर् ट्वेंटी यिअर्स्’ असें जो लिहील, त्याला सांत्वनाचें उत्तर आलें तर त्यानें आश्चर्य मानूं नये. आणि ज्याचे वडील खरोखरच निवर्तले आहेत, त्याला इंग्रजी भाषा या साध्या भूतकाळावांचून दुसरें रूप सहसा देत नाहीं. ‘हॅज् टॉट् मी’, त्यांनीं मला शिकविलें आहे, असें म्हणण्याची त्याची कितीही इच्छा असली, तरी ‘ही टॉट् मी’ असेंच त्याला म्हणावें लागतें. मराठी या बाबतींत अधिक दयाळू आहे. ‘वडिलांनीं मला हें शिकविलें आहे’ असें आपण त्यांच्यामागें वर्षानुवर्षें म्हणूं शकतों.

नित्याच्या व्यवहारांतील एक लहान उदाहरण घ्या. ‘आय् हॅव् लॉस्ट् माय् अम्ब्रेला’ म्हणजे माझी छत्री हरवली आहे, ती अजून मिळालेली नाहीं, कोणी पाहिली असल्यास सांगा. ‘आय् लॉस्ट् माय् अम्ब्रेला’ म्हणजे छत्री हरवण्याची एक गोष्ट घडली. पुढें ती मिळाली कीं नाहीं याविषयीं वाक्य मुग्ध आहे. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरींत जाऊन पहिलें वाक्य म्हणावें. मित्रमंडळींत बसून प्रवासाची हकीकत सांगतांना दुसरें म्हणावें.

आतां दुसऱ्या एका सवयीकडे वळूं. ती आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं पुष्कळांना ती चूक आहे हेंही ठाऊक नसतें. ‘काल मी पुण्यास गेलों होतों’ या वाक्याचें इंग्रजी विद्यार्थी करतात, ‘आय् हॅड् गॉन् टु पुणे येस्टर्डे.’ शिक्षकाच्या नात्यानें हें वाक्य मीं मुलांच्या वह्यांत असंख्य वेळां दुरुस्त केलें आहे. याचें कारण भाषांतराची पद्धति. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीचें दार उघडून दिलें, हें त्यांचें ऋण मोठेंच आहे. परंतु वाक्यास वाक्य जुळवितां जुळवितां विद्यार्थी मनांत एक कोष्टक बांधतो: ‘केलें’ म्हणजे ‘डिड्’, ‘केलें आहे’ म्हणजे ‘हॅज् डन्’, ‘केलें होतें’ म्हणजे ‘हॅड् डन्’. कोष्टक दिसावयास नीटनेटकें आहे. पण दोन्ही भाषांतील खण एकाच मापाचे नाहींत.

मराठींत ‘गेलों होतों’ कां म्हणतात तें पाहा. ‘तो पुण्यास गेला’ म्हटलें कीं तो अजून तेथेंच आहे असें वाटतें. ‘गेला होता’ म्हटलें कीं तो जाऊन परत आला, ती स्थिति आतां उरली नाहीं, असें कळतें. म्हणजे हें ‘होता’ परतीचें तिकीट आहे. इंग्रजींत तें काम साधा भूतकाळच करतो. ‘आय् वेंट् टु पुणे येस्टर्डे’ एवढ्यानें भागतें. ‘हॅड्’ची गरज तेथें पडते, जेथें दोन गोष्टी भूतकाळांत घडल्या आणि त्यांतली अगोदरची कोणती हें दाखवावयाचें आहे: ‘मी स्टेशनावर पोंचलों तेव्हां गाडी सुटली होती’, ‘व्हेन् आय् रीच्ट् दि स्टेशन्, दि ट्रेन् हॅड् लेफ्ट्.’ नुसतें ‘आय् हॅड् गॉन् टु पुणे’ असें कानीं पडलें म्हणजे इंग्रज श्रोता वाट पाहत राहतो कीं, कशाच्या आधीं गेला होता? आणि तें कांहीं केल्या येत नाहीं.

तसेंच आपल्या रीति भूतकाळाचें. ‘लहानपणीं आम्ही रोज नदीवर जात असूं’ याचें भाषांतर मुलें ‘वुई वेअर् गोइंग्’ असें करतात, कारण ‘जात’ या शब्दाशीं त्यांच्या मनांत ‘गोइंग्’ची गांठ पडलेली असते. परंतु ‘वुई वेअर् गोइंग्’ म्हणजे आम्ही त्या विशिष्ट क्षणीं वाटेवर होतों. नित्याची सवय सांगावयाची असेल तर ‘वुई वेंट् टु दि रिव्हर् एव्हरी डे’ असा साधा भूतकाळच घालावा, किंवा ‘यूज्ड् टु गो’ म्हणावें. क्रिया एकदां घडो वा हजारदां, वेळ बंद झाली असेल तर तिचा समावेश या एका रूपांत होतो. आणि याच्या उलट, मघांच्या ‘भूक लागली’, ‘आलों’ या वाक्यांना इंग्रजींत भूतकाळ मुळींच लावूं नये. तीं ‘आय् ॲम् हंग्री’ आणि ‘आय् ॲम् कमिंग्’ अशीं वर्तमानाचीं वाक्यें होतात. ‘तो झोपला आहे’ याचें ‘ही हॅज् स्लेप्ट्’ होत नाहीं. ‘ही इज् अस्लीप्’ होतें.

येथवर अर्थाचा विचार झाला. रूपाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण एक ठोकळ चूक तेथें नेहमीं होते. ‘आय् डिड् नॉट् वेंट्’, ‘डिड् यू सॉ?’ अशीं वाक्यें पुष्कळांच्या तोंडीं असतात. नियम असा आहे कीं, एका क्रियेला भूतकाळाचा शिक्का एकदांच बसतो. नकारांत आणि प्रश्नांत ‘डिड्’ पुढें येतो, तेव्हां तो शिक्का ‘डिड्’वर बसलेला असतो, मुख्य क्रियापद मूळ रूपांत परत जातें: ‘डिड् नॉट् गो’, ‘डिड् यू सी?’ शेक्सपिअरच्या काळीं ‘आय् न्यू नॉट्’ आणि ‘आय् डिड् नॉट् नो’ अशा दोन्ही रचना चालत असत; पुढें पहिली मागें पडली आणि दुसरी स्थिर झाली. ‘वॉज्’ आणि ‘वेअर्’ यांनीं मात्र ‘डिड्’ची मदत कधीं घेतली नाहीं; ‘ही वॉज् नॉट् देअर्’ असेंच म्हणतात. आणि जेथें ‘कोण’ हाच कर्ता असतो, तेथेंही ‘डिड्’ लागत नाहीं; ‘कोण आलें?’ याचें इंग्रजी ‘हू केम्?’ एवढेंच.

‘एड्’ या प्रत्ययाचा उच्चारही तीन प्रकारचा आहे, आणि आपण तो लिपीवरून करतों म्हणून चुकतो. धातूच्या अखेरीस कठोर ध्वनि असेल तर ‘ट्’: ‘वॉक्ट्’, ‘हेल्प्ट्’, ‘वॉश्ट्’. मृदु व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड्’: ‘कॉल्ड्’, ‘लिव्ह्ड्’, ‘प्लेड्’. आणि मुळांतच ‘ट्’ किंवा ‘ड्’ असेल तर मात्र स्वतंत्र अवयव होतो: ‘वाँटिड्’, ‘नीडिड्’. कठोराशेजारीं कठोर व मृदूशेजारीं मृदु हा न्याय संस्कृत संधींमुळें आपल्या परिचयाचा आहे. म्हणून ‘आस्केड्’ किंवा ‘वॉकेड्’ असा उच्चार करण्याचें आपल्याला कांहीं कारण नाहीं.

राहिलीं अनियमित क्रियापदें. त्यांचा मुलांना फार धाक वाटतो, आणि घोकंपट्टीस पर्याय नाहीं हेंही खरें. तथापि त्यांच्या अनियमितपणांत एक व्यवस्था आहे. ‘सिंग्, सँग्’, ‘ड्रिंक्, ड्रँक्’ असा पोटांतला स्वर बदलण्याची रीति ही ‘एड्’ लावण्याच्या रीतीहून जुनी आहे. नित्याच्या वापरांतलीं क्रियापदें पाहा: असणें, जवळ असणें, करणें, म्हणणें, जाणें, येणें, घेणें, पाहणें, जाणणें, यांचे इंग्रजी प्रतिशब्द सगळे अनियमित आहेत. जें रूप रोज तोंडांत येतें तें झिजत नाहीं. जें क्वचित् येतें त्याचें जुनें रूप लोक विसरतात आणि त्याला ‘एड्’ लावून मोकळे होतात. ‘हेल्प्’चें जुनें भूतकालीन रूप ‘होल्प्’ होतें. तें जाऊन ‘हेल्प्ट्’ आलें. हार्वर्ड विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २००७ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकांत याची मोजदाद प्रसिद्ध केली. प्राचीन इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदें त्यांनीं तपासलीं; त्यांपैकीं आज ९८ अनियमित उरलीं आहेत, आणि जीं अधिक वापरांतलीं तींच अधिक टिकलीं आहेत.

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट्’ कसा, असा प्रश्न प्रत्येक वर्गांत एखादा चौकस मुलगा विचारतोच. उत्तर असें कीं ‘वेंट्’ हें मुळांत ‘वेंड्’ या निराळ्या धातूचें रूप आहे. ‘गो’नें तें दत्तक घेतलें. पण याचें नवल आपण कशाला करावें? आपलें ‘जाणें’ संस्कृत ‘या’ धातूचें, आणि ‘गेला’ हा ‘गम्’ धातूचा. आपणही ‘जाला’ म्हणत नाहीं. इंग्रज मूल बोलावयास शिकतांना ‘गोड्’ म्हणतें, आणि आपलें मूल ‘मी करलें’ म्हणतें. दोघेंही नियम शिकलीं आहेत, अपवाद शिकावयाचे आहेत. मुलाच्या अशा चुकीवर रागावूं नये. ती त्याच्या बुद्धीची खूण आहे.

या काळाचा आणखी एक उपयोग सांगितल्यावांचून विषय पुरा होणार नाहीं. साधा भूतकाळ नेहमीं भूतकाळाविषयींच बोलतो असें नाहीं. ‘इफ् आय् न्यू हिज् अड्रेस्, आय् वुड् टेल् यू’ या वाक्यांतील ‘न्यू’ कालविषयीं नाहीं. पत्ता आतां या क्षणीं ठाऊक नाहीं, एवढेंच तो सांगतो. ‘इट् इज् टाइम् वुई वेंट् होम्’ म्हणजे आतां घरीं जावयास हवें. कोणी गेलेलें नाहीं. आणि अदबीनें बोलतांना इंग्रज म्हणतो, ‘आय् वाँटिड् टु आस्क् यू समथिंग्.’ इच्छा आजची, रूप कालचें. या सर्व प्रयोगांत दुरावा हा एकच धागा आहे. वेळेचा दुरावा असला कीं भूतकाळ. वस्तुस्थितीपासून दुरावा असला कीं कल्पना. आणि माणसांमधला दुरावा राखावयाचा असला कीं विनय. हा शेवटचा प्रकार आपल्याला परका नाहीं. ‘आपल्याला एक विचारायचें होतें’ असें आपण वडीलधाऱ्यांना म्हणतों, तेव्हां विचारायचें असतें तें तेव्हांच. मात्र ‘उद्यां पाऊस पडला तर’ याचें इंग्रजी ‘इफ् इट् रेन्स् टुमॉरो’ असें वर्तमानांत करावें. ‘इफ् इट् रेन्ड्’ म्हटलें, तर पाऊस पडण्याचा संभव तुम्हांस फारसा वाटत नाहीं, असा अर्थ होईल.

ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत, त्यांच्या कानांवर ‘आय् ऑल्रेडी एट्’, ‘डिड् यू ईट् यट्?’ असें इंग्रजी येतें, आणि मग ते विचारतात, आमच्या शाळेंत तर येथें ‘हॅव्’ शिकविला होता. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडांत अशा ठिकाणीं ‘हॅव्’ घालण्याची वहिवाट. अमेरिकेंत बोलतांना साधा भूतकाळ सहज चालतो. परंतु ‘येस्टर्डे’च्या शेजारीं ‘हॅव्’ अमेरिकेंतही बसत नाहीं. तेथें दोन्ही देशांचें एकमत आहे.

शेवटीं घरच्या घरीं करण्याजोगा एक अभ्यास सुचवितों. एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्रांतील एक बातमी घ्या, आणि मुलांसमवेत बसून तिच्यांतील प्रत्येक भूतकालीन क्रियापदाखालीं रेघ ओढा. प्रत्येक रेघेपाशीं थांबून विचारा: ही कोणत्या वेळची गोष्ट? ती वेळ संपली का? मग तीच बातमी मराठींत मोठ्यानें सांगा, आणि मराठीनें कोठें नुसतें ‘ला’ घेतलें, कोठें ‘आहे’ जोडलें, कोठें ‘होतें’ जोडलें तें पाहा. आठवड्यांतून एकदां पंधरा मिनिटें एवढें केलें, तरी वर्षभरांत मुलांच्या इंग्रजींत फरक पडेल, आणि मराठीकडे पाहण्याची त्यांची दृष्टिही अधिक सूक्ष्म होईल. परकी भाषा नीट शिकण्याचा हा दुसरा लाभ पहिल्यापेक्षां लहान नाहीं. ज्या ‘आलों’, ‘गेलों’, ‘झालें’ या शब्दांकडे आपण जन्मांत कधीं वळून पाहिलें नसतें, त्यांत केवढी व्यवस्था भरलेली आहे हें त्या निमित्तानें आपल्याला कळतें.